सुट्या भागांची खुर्ची

बाइंडरताईंनी शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं की ते उघडंच राहायचं. त्यावर हात दाबून धरावा लागायचा नाही की पेपरवेट ठेवावा लागायचा नाही. शहरातले दोन छापखाने, एक वाचनालय आणि चार कचेऱ्या एवढ्याचसाठी त्यांच्याकडे काम पाठवत. दुसरीकडे स्वस्तात व्हायचं, पण तिथे पाठीला गोंद फासून पुस्तक दाबून देत आणि सहा महिन्यांत पानं गळायला लागत. ताई एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या सोळा पानांची जुडी, हातानं शिवत. मेण लावलेला दोरा, बारीक दाभण, आणि दोरा मध्येच गुंतला तर एक शेलकी शिवी. शिवी मजुरीत धरलेली नसे.

चार वर्षांच्या असताना आलेल्या तापानं ताईंचे पाय नेले. आई कपडे शिवायची. तिनं मुलीच्या हातात सुई दिली आणि म्हणाली, "पाय नाहीत तर नाहीत, हातांना दुप्पट काम दे." ताईंनी ते इतकं मनावर घेतलं की एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्या तळहातांना चपलेच्या तळासारखे घट्टे पडले होते. खुर्चीची चाकं फिरवायची ती याच हातांनी आणि पुस्तकं शिवायची तीही याच हातांनी.

वडील गेले ते कर्ज मागे ठेवून. आईनं ते दहा वर्षं फेडलं, आणि फेडून झालं तोवर तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. तेव्हापासून ताईंचा एकच नेम होता, उपाशी झोपेन पण उसनं आणणार नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली तरी तो नेम मोडला नव्हता.

तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक पलंग, एक शेगडी, एक कपाट. हे सगळं चालायचं ते साहाय्य कचेरीनं दिलेल्या एका कार्डावर. कार्डावर तीन गोष्टी मिळत: महिन्याचा भत्ता, औषधं, आणि रोज सकाळी दोन तास मदतनीस बाई. भत्त्याशिवाय ताई कशाबशा तरल्या असत्या. औषधांवाचून कण्हत कुंथत दिवस काढले असते. पण सकाळची बाई आली नाही, तर पलंगावरून न्हाणीत आणि न्हाणीतून खुर्चीत जायचं कसं, याला उत्तर नव्हतं. बाई वीस मिनिटांत ताईंना आंघोळ घालून, कपडे चढवून खुर्चीत बसवायची आणि वर म्हणायची, "चला, मालकीणबाई कामावर निघाल्या."

या कार्डाला एक अट होती. कार्डधारकाची एकूण शिल्लक चाळीस हजारांच्या वर जाता कामा नये. गेली, की कार्ड बंद, आणि कार्डाबरोबर तिन्ही गोष्टी बंद.

ही चाळीस हजारांची रेघ कुणीतरी मारली तेव्हा ताई दहा वर्षांच्या होत्या. त्या काळी चाळीस हजारांत घर येत होतं. आता चाळीस हजारांत त्या घराचं दार आलं असतं, कडी वेगळी. एक्केचाळीस वर्षांत दूध वाढलं, दोरा वाढला, भाडं वाढलं, साहेबांचे पगार वाढले, साहेबांची पोटं वाढली. रेघ तेवढी जागची हलली नाही.

ताईंना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. कचेरीचं नियमपुस्तक शिवायला त्यांच्याकडेच यायचं. दर पाचसहा वर्षांनी शिपाई ते कापडात गुंडाळून आणायचा, सोबत नव्या नियमांची पानं असायची. ताई जुने टाके कापायच्या, नवी पानं जागच्या जागी लावायच्या आणि पुन्हा शिवून द्यायच्या. तीनदा शिवलं होतं. दर वेळी कोरी पांढरी पानं मध्ये शिरायची आणि पान एकशे बारा, ज्यावर ती रेघ होती, ते दर वेळी थोडं अधिक पिवळं झालेलं असायचं.

आता ताई काटकसरी. खर्च तो काय, एका माणसाचा. थोडी मजुरी कमवायला कचेरीची परवानगी होती, ती बँकेत पडायची आणि तिच्यावर व्याज चढायचं. पैसे वाढायला लागले की जगातल्या इतर माणसांना बरं वाटतं. ताईंना घाम फुटायचा. दर वर्षी हिशेब दाखवायच्या आधीच्या महिन्यात त्या बँकेचं पुस्तक उघडून बसायच्या आणि आता कशावर खर्च करावा याची चिंता करायच्या. मग पुठ्ठा यायचा. बांधणीचं कापड यायचं. दोऱ्याची रिळं यायची, पुढच्या सात वर्षांना पुरतील इतकी. भिंतीला लागून पुठ्ठ्याची थप्पी खिडकीपर्यंत पोचली होती.

"ताई, या ढिगाखाली सापडून मराल एक दिवस," सकाळची बाई म्हणायची.

"मरेन तर मरेन," ताई म्हणायच्या, "पण मर्यादेत मरेन."

लोक म्हातारपणासाठी पैसे साठवतात. या बाईला म्हातारपणासाठी पुठ्ठा साठवावा लागत होता, आणि हे कुणाला विचित्रसुद्धा वाटत नव्हतं.

मग खांदा बोलायला लागला. आधी रात्री, मग चढावर, मग दाभण ओढतानाही. डॉक्टरांनी उजवा हात वर करायला सांगितला, तो कानापर्यंतही गेला नाही. ते म्हणाले, "सांधा झिजलाय. खुर्ची ढकलणं थांबवलंत तर शिवणं चालू राहील. नाही थांबवलंत तर दोन वर्षांत दोन्ही बंद." उपाय एकच होता, विजेवर चालणारी खुर्ची.

ताईंनी कचेरीत अर्ज केला. स्वतः गेल्या, पाऊण तास चाकं ढकलत, मध्ये दोनदा थांबून. तीन महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदार स्वतः हाताने खुर्ची चालवत कचेरीपर्यंत आल्याचे दिसून आल्याने विजेच्या खुर्चीची आवश्यकता सिद्ध होत नाही. ताईंनी ते सकाळच्या बाईला वाचून दाखवलं. बाई म्हणाली, "मग काय उडत जायला हवं होतं?"

तयार खुर्चीची किंमत होती पंचाण्णव हजार. म्हणजे कचेरी खुर्ची देणार नाही, आणि खुर्ची विकत घेण्याइतके पैसे साठवूही देणार नाही. चाळीसच्या आत राहून पंचाण्णव साठवून दाखवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. पण ताईंचं डोकं बाइंडरचं होतं. पुस्तक केवढंही जाडजूड असो, शिवायचा एका वेळी एकच फर्मा.

नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला मिस्त्री ताईंच्या खुर्चीच्या चाकांत आरे भरून द्यायचा आणि पैसे घ्यायला नको नको म्हणायचा, म्हणून त्याचं बिलबुक ताई फुकट शिवून द्यायच्या. ताईंनी त्याला विचारलं, "खुर्ची तुकड्यातुकड्यानं आणता येईल?"

मिस्त्रीनं कान खाजवला. "सांगाडा वेगळा मिळतो. मोटर आणि चाकं वेगळी. बॅटरी आणि खुर्ची चालवायची कळ शेवटी. जोडून मी देतो. ब्याऐंशी हजारांत होईल."

"मग पहिला फर्मा सांगाडा," ताई म्हणाल्या.

पहिल्या वर्षी अठरा हजारांचा सांगाडा आला. दुसऱ्या वर्षी सव्वीस हजारांची मोटर आणि चाकं. सगळं कामाच्या टेबलाखाली, वर बांधणीचं निळं कापड. राहिली होती बॅटरी आणि कळ, अडतीस हजारांची. साठले होते बावीस हजार. आता पुठ्ठा येणं बंद झालं आणि ताई पहिल्यांदाच बँकेचं पुस्तक आनंदानं उघडू लागल्या. आठ महिन्यांत अडतीस झाले असते, चाळीसच्या दोन हजार खाली. पुस्तक कापताना समासाला हात लागू नये म्हणून जितकी जागा सोडतात, तितकी ताईंनी हिशेबातही सोडली होती. खांदा तेवढा टिकला की झालं.

आणि मग घरी कचेरीच्या तपासनीस बाई आल्या.

तशा बऱ्या होत्या. चपला बाहेर काढून आल्या, चहा नको म्हणाल्या, पुठ्ठ्याच्या थप्पीकडे पाहून "बापरे" म्हणाल्या. फॉर्म भरता भरता त्यांची नजर टेबलाखाली गेली. "ते निळ्या कापडाखाली काय आहे?"

दुसरं कुणी असतं तर भंगार म्हणून मोकळं झालं असतं. पण कारागिराला आपल्या हातचं काम दाखवायचा मोह आवरत नाही. ताईंनी कापड ओढलं, मोटरवर हात ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. त्यांनी खणातून एक छोटी वही काढली. सांगाड्याची पावती, मोटरची पावती, चाकांची पावती, मिस्त्रीच्या हातचा अंदाज, सगळं क्रमानं लावून, पानांवर आकडे घालून, निळ्या कापडात शिवलेलं. "घेऊन जा," ताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको."

तपासनीस बाईंनी वही उघडली. ती टेबलावर सपाट उघडी पडून राहिली. "छान शिवलीय हो," त्या म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

अठरा दिवसांनी पत्र आलं. बँकेतील शिल्लक बावीस हजार. यंत्राचे सुटे भाग, कार्डधारकाने स्वतः सादर केलेल्या पावत्यांनुसार, चव्वेचाळीस हजार. एकूण सहासष्ट हजार. मर्यादा चाळीस. कार्ड महिन्याच्या एक तारखेपासून बंद.

वापरातली खुर्ची असती तर ती साधन ठरली असती आणि शिलकीत मोजली गेली नसती, हेही पत्रात लिहिलं होतं. सुटे भाग म्हणजे साधन नव्हे.

ताईंनी पत्र चारदा वाचलं. रडू आलं नाही. संताप इतका आला की दुपारी शिवलेले दोन फर्मे वेडेवाकडे झाले आणि ते उसवून पुन्हा शिवावे लागले. आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला होता, आणि पाळला म्हणूनच पकडल्या गेल्या होत्या. लबाडी करणारा कुणी आपल्या पावत्या शिवून हातात देत नाही.

एक तारखेला सकाळची बाई आली नाही. म्हणजे तिला यायचं होतं, पण कचेरीनं तिला त्या दोन तासांसाठी दुसऱ्या टोकाचं घर दिलं होतं. त्या दिवशी ताई सहाला उठल्या आणि खुर्चीत बसल्या तेव्हा घड्याळात आठ वाजायला आले होते. मधल्या वेळात काय काय झालं ते ताईंनी कुणाला सांगितलं नाही, आपणही विचारू नये. एवढंच की पलंगापासून न्हाणीपर्यंतची फरशी किती गार असते ते त्यांना त्या दिवशी कळलं. मग शेजारच्या एका बाईला पैसे देऊन बोलवायला लागलं. बॅटरीसाठी ठेवलेले पैसे आंघोळीवर जाऊ लागले.

रविवारी धाकटा भाऊ आणि भावजय आले. भाऊ मालाची गाडी चालवायचा, गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते. त्यानं पत्र वाचलं आणि तो कपाळावर हात मारून बसला.

"ताई, तू वही दिलीस? स्वतःच्या हातानं?"

"मागितली नव्हती, तरी दिली," ताई म्हणाल्या. "घे, हस."

"मी हसत नाहीये. ऐक, पैसे माझ्या नावावर टाक. ते भागही माझ्या घरी नेऊन ठेवतो. कागदावर तुझं काही नाही, की कार्ड सुरू. सगळेच करतात."

भावजय हळूच म्हणाली, "ताई, खरंच टाका. हे खातील असं वाटत असेल तर माझ्या नावावर टाका."

ताईंना हसू फुटलं, पण मान हलली ती आडवीच. "माझी वस्तू माझी नाही असं मी सही करून लिहून द्यायचं. म्हणजे आज नाही ती लबाड उद्या होईन, आणि मग त्यांचं म्हणणं खरं ठरेल. ते मी होऊ देणार नाही. सुनावणी मागितलीय. समोर बसून सांगते."

"तिथे तुझं कोण ऐकणार?"

"ऐकायला कान लागतात, ते त्यांना असतीलच."

सुनावणीची तारीख दोन महिन्यांनी मिळाली. तोवर बावीस हजारांचे तेरा हजार झाले होते. आदल्या दिवशी ताईंनी मिस्त्रीला बोलावलं. "जेवढी आहे तेवढी जोड," त्या म्हणाल्या. त्यानं दिवसभर बसून सांगाड्याला चाकं बसवली, मोटर बसवली, सीट ताणून घेतली. बॅटरीच्या जागी रिकामा खण राहिला. सकाळी ताई त्या खुर्चीत बसल्या आणि मिस्त्रीनं ती मागून ढकलत कचेरीपर्यंत नेली. मोटरमुळे खुर्ची जड झाली होती. कचेरीच्या दारापुढचा उतार चढवताना त्याची दमछाक झाली आणि शिपायाला हात लावावा लागला.

साहेब पन्नाशीचे, सौम्य आवाजाचे. त्यांनी पाणी मागवलं. "बाई, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही."

"मनात नाही ते माहीत आहे," ताई म्हणाल्या. "कागदावर आहे त्याचं बोलू. ही माझी खुर्ची. सांगाडा आहे, चाकं आहेत, मोटर आहे, सीट आहे, आणि सीटवर मी आहे. आता हे सुटे भाग आहेत का?"

साहेब खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि वाकून त्यांनी खुर्ची पाहिली. "चालते?"

"बॅटरी बसवली की चालेल."

"म्हणजे आज चालत नाही."

"आज मिस्त्री चालवतोय."

"मग अडचण आहे. साधन म्हणजे जे वापरात आहे ते. हे अजून भागच. भाग विकता येतात, म्हणून ती मालमत्ता."

"तुमचा चष्माही विकता येतो की."

साहेब हसले. खरंच हसले, म्हणजे माणूस वाईट नव्हता, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "तुम्ही असं करा," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "भाग विकून टाका. आलेले पैसे खर्च करा. शिल्लक चाळीसच्या खाली आली की लगेच कार्ड सुरू करून देतो."

"खर्च कशावर करू?"

"कशावरही. ते आम्ही विचारत नाही. कुठे फिरायला जा, थोडी मजा करा."

"कुठल्या खुर्चीत बसून जाऊ?"

मिस्त्री खोकला. साहेबांनी नियमपुस्तक पुढे ओढलं आणि पान एकशे बारा उघडलं. पुस्तक टेबलावर सपाट पडलं. साहेबांनी दोन्ही हात मोकळे ठेवून ओळीवरून पेन फिरवलं. ताई पाहत राहिल्या. तो त्यांचा दोरा होता, त्यांचे टाके होते. आपल्याला फरशीवरून सरपटत नेणारं पान आपणच इतकं घट्ट शिवून दिलं आहे, हे पाहून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातांचा राग आला.

"हे बघा, इथे आहे," साहेब म्हणाले. "मालमत्तेतून कर्ज वजा होतं. तुम्ही सुरुवातीलाच कर्ज काढून अख्खी खुर्ची घेतली असतीत ना, तर काही प्रश्नच आला नसता. खुर्ची साधनात गेली असती, आणि कर्जाला मर्यादा नाही. अजूनही काढा. बॅटरीपुरतं कर्ज काढा, खुर्ची चालू करून आणा, मी त्याच दिवशी सही करतो."

ताईंनी पुस्तक बोटानं साहेबांकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलं ती अपात्र. आणि उद्या डोक्यावर व्याज घेऊन आले की पात्र. तुम्हाला गरीब माणूस चालत नाही साहेब, बुडालेला लागतो. माझ्या आईनं कर्ज फेडता फेडता डोळे घालवले. तिला बघून मी एक गोष्ट शिकले होते, तेवढी एकच गोष्ट तुम्ही मला सोडायला सांगताय."

"मी नाही सांगत, बाई. नियम सांगतो."

"नियम बोलत नाही. बोलताय तुम्ही."

निकालात तेच लिहून आलं. ताईंनी तो आठवडाभर टेबलावर तसाच ठेवला. मग एक दिवस दोऱ्याचं रीळ उचलायला उजवा हात पुढे केला आणि तो अर्ध्यावरच थांबला. त्या दुपारी त्या पतपेढीत गेल्या. फॉर्मवर सही करताना त्यांनी वर पाहिलं नाही. सत्तावीस हजारांचं कर्ज, तीन वर्षांचे हप्ते. घरी आल्यावर आईच्या फोटोकडे पाठ करून बसल्या. चहाही केला नाही.

बॅटरी आली, कळ बसली. मिस्त्रीनं खुर्ची गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. साहेबांनी शब्द पाळला, त्याच दिवशी सही केली. कार्ड सुरू झालं, मधल्या महिन्यांचं मात्र काही मिळालं नाही. सोमवारी सकाळची बाई आली, तिनं ताईंना आंघोळ घातली, नव्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या दंडाकडे बघून म्हणाली, "किती वाळलात हो." नेहमीची थट्टा काही तिला सुचली नाही.

बचतीवर व्याज येत होतं तेव्हा ताई गुन्हेगार होत्या. आता व्याज देत होत्या, तर कचेरीच्या दप्तरात शहाण्या माणसांत जमा झाल्या होत्या.

पाच महिन्यांनी शिपाई आला. काखेत कापडात गुंडाळलेलं नियमपुस्तक, सोबत नवी पानं. "साहेब म्हणाले, नेहमीसारखं करून द्या. तुमच्याशिवाय दुसरं कुणी नको म्हणाले."

ताईंनी जुने टाके कापले. फर्मे सुटे केले. मग कोणती पानं घालायची ते पाहायला नवी जुडी उघडली. नवे नियम साहेबांच्या प्रवासभत्त्याचे होते. महागाईचा विचार करून भत्ता दीडपट केल्याचं लिहिलं होतं. ताईंनी पान एकशे बारा काढून पाहिलं. ते तसंच होतं, कडा आता तपकिरी झाल्या होत्या.

त्यांनी पानं क्रमानं लावली. दोनदा मोजली. एकही मागेपुढे नव्हतं. मग दाभणात दोरा ओवला, आणि थोड्या वेळानं दोरा काढून रिळाला परत गुंडाळला. पानांच्या गठ्ठ्याभोवती सुतळी बांधली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि खुर्चीची कळ पुढे दाबली. मोटर गुरगुरली. कचेरीचा उतार त्या एकट्याच चढून गेल्या, खांद्याला काही न होता.

साहेबांनी सुतळी सोडली. "अरे, बांधलं नाहीत?"

"आधी पानं बघून घ्या," ताई म्हणाल्या. "कमीजास्त नको."

साहेबांनी चष्मा लावून चाळलं. "सगळी आहेत. क्रमही बरोबर आहे."

"मग हे पुस्तक आहे की नाही?"

"पुस्तकच आहे की, बाई. सगळी पानं आहेत म्हटल्यावर पुस्तकच झालं. फक्त शिवायचं तेवढं…"

साहेब बोलता बोलता थांबले. त्यांची नजर गठ्ठ्यावरून उतरून खुर्चीच्या चाकांवर आली, तिथून बॅटरीच्या खणावर गेली. ताईंनी त्यांना मदत केली नाही. वरचा पंखा फिरत होता, पहिली पाचसात पानं उचलली गेली आणि साहेबांनी घाईनं त्यांच्यावर हात ठेवला.

"शिवून कधी द्याल?" हात न उचलता त्यांनी विचारलं.

"पान एकशे बारा बदलून पाठवा. त्याच दिवशी शिवून देते." ताईंनी खुर्ची वळवली. "पानं लावल्याची मजुरी तेवढी काढून ठेवा. शिवल्याची नको, शिवलेलं नाही."

दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणाकडे टाकू नका. तो गोंद फासून देतो."

ते पुस्तक अजून तसंच आहे, सुतळीनं बांधलेलं. कुणाचा अर्ज तपासायचा झाला की साहेब सुतळी सोडतात, पानांवर चार पेपरवेट ठेवतात आणि शिपायाला पंखा बंद करायला सांगतात.